शेवटच्या बाकावरचे चेंडू मास्तर

आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर माझ्या गणिताच्या तासाला वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसत. खाकी अर्धी चड्डी, धुऊन धुऊन पातळ झालेला पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात पिवळ्या लोकरीची लड. मुलांच्या मापाच्या त्या बाकात त्यांचे गुडघे मावत नसत, म्हणून ते वाटेकडे पाय काढून तिरके बसत. डोळे फळ्याकडे आणि हात मांडीवर सतत चालू. बॉल बॅडमिंटनचा चेंडू लोकरीचा असतो. तो ते स्वतः वळत. माझं एक समीकरण सुटेपर्यंत त्यांचा अर्धा चेंडू झालेला असे. मी नवा होतो, बेळगावहून नोकरीसाठी बंगळूरला आलो होतो, आणि माझ्या वर्गात एक प्रौढ माणूस चेंडू वळत बसतो याचा मला मनस्वी राग येत असे.

त्यांचं नाव राणोजीराव. पण सगळी शाळा त्यांना चेंडू मास्तर म्हणे, कानडी मुलंसुद्धा, कारण चेंडू कानडीतही चेंडूच. समोर मात्र मुलं त्यांना 'मेष्ट्रु' म्हणत, म्हणजे मास्तर. आपलं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं असं ते सांगत. त्यांचं मराठी मला पहिल्यांदा ऐकताना गमतीचं वाटलं. वाक्य मराठीत सुरू होई, मध्ये एक कानडी शब्द येई, आणि शेवटी 'सरी', म्हणजे 'ठीक', म्हणून ते स्वतःशीच मान हलवत. एसएसएलसीत, म्हणजे मॅट्रिकला, ते स्वतः नापास झाले होते आणि ते कधी लपवत नसत. "मी नापास माणूस, सर," ते म्हणत. "त्यामुळे नापास पोरं मला आपल्या घरचा समजतात. तुम्हाला ते जमणार नाही, तुम्ही पहिल्या फेरीत पास झालात."

आता हे लिहायला बसलो त्याचं कारण सांगतो. शाळेचे माजी विद्यार्थी एक स्मरणिका काढत आहेत. मी पुढे त्याच शाळेचा हेडमास्तर झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. 'रोज एक प्रश्न' ही तुमची पद्धत तुम्हाला कशी सुचली, यावर लिहा, असं त्यांनी कळवलं आहे. मी या पद्धतीवर आयुष्यभर भाषणं केली. शाली घेतल्या. ती मला सुचली नव्हती. नव्वदीला आलो आहे, आणि ती कुणाची होती व तो माणूस शाळेतून का गेला हे माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे.

नववी 'क' म्हणजे शाळेची अडगळ होती. एकदा, दोनदा नापास झालेली मुलं तिथे जमा होत. शिंप्यांची, गिरणीकामगारांची, फुलं विकणाऱ्यांची मुलं. काहींना मिसरूड फुटलेलं. सकाळी हजेरी दिली की पुढचा दिवस ती खिडकीबाहेर पाहून काढत. दुपारनंतर निम्मी गायब होत, आणि दिवाळीपर्यंत त्यातली काही कायमची कुठल्या तरी दुकानात लागत. नवा मास्तर म्हणून तो वर्ग माझ्या गळ्यात पडला होता. चेंडू मास्तर पहिल्यांदा दारात आले तेव्हा मला वाटलं कुणाला बोलवायला आले.

"सर, मी स्वल्प मागं बसू का?"

"कशाला?"

"पोरं संध्याकाळी माझ्याकडे येतात. दिवसभर काय करतात ते बघतो."

मी नाही म्हणू शकलो नाही, कारण वयानं ते माझ्या वडिलांच्या जवळ होते. ते बसले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी हात वर केला. "सर, तो एक्स काल सात होता. आज तीन कसा झाला?" वर्ग हसला. मीही हसलो, जरा वरच्या पट्टीत. पण त्यांनी तोंड उघडं ठेवून उत्तराची वाट पाहिली, आणि मला ते द्यावं लागलं. ते देताना माझ्या लक्षात आलं की वर्गातल्या अनेकांची अडचण तीच होती, आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं.

आठवड्यानं त्यांनी मैदानावर नियम काढला. शाळेच्या मागे तांबड्या मातीची एक सपाट जागा होती, तिथे चुन्याच्या रेघा मारून बॉल बॅडमिंटनचं कोर्ट केलेलं होतं. खेळायला पाच-पाच जण, आणि वाट पाहणारी मुलं त्याच्या कितीतरी पट. या खेळाचं तेव्हा आमच्या भागात वेड होतं. नियम असा की त्या दिवशी वर्गात ज्यानं एक तरी प्रश्न विचारला असेल त्यालाच बॅट मिळेल. मी त्यांना विचारलं, हे काय काढलंत? ते म्हणाले, "सर, ही पोरं मैदानावर गळा बसेपर्यंत ओरडतात. आऊट का, लाईन का, सगळ्यावर भांडतात. वर्गात 'हजर' सोडून शब्द नाही. मला वाटलं, तोंड तेच आहे ना."

पहिले काही दिवस शाळेत नुसता गोंधळ माजला. मुलांना खेळायचं होतं, आणि विचारायचं काय ते ठाऊक नव्हतं. सर, तुम्ही बेळगावचे का धारवाडचे? सर, खडू कशाचा करतात? कानडीच्या पंडितांना एकानं विचारलं की दिवसभर काव्य करणाऱ्या कवीला जेवायला कोण घालायचं. पंडितांनी पुस्तक मिटलं आणि तासभर कवी, राजे आणि त्यांची भांडणं यावर बोलले. त्या तासाला मुलं घंटा झाल्यावरही उठली नाहीत असं ऐकलं. माझ्यासारख्या इतरांना मात्र हा उपद्रव वाटे. मी चेंडू मास्तरांना म्हटलं, "मास्तर, हे प्रश्न नाहीत, टवाळी आहे." ते म्हणाले, "असू दे सर. नवीन बॅट हातात आली की पोरगं आधी हवेतच मारतं."

संध्याकाळी मैदानाच्या तोंडाशी ते बॅटा काखेत धरून उभे राहत. प्रत्येकाला दोन गोष्टी विचारत. काय विचारलंस? काय उत्तर मिळालं? उत्तर मिळालं नसेल तर ते बॅट देत, पण वर एक काम सांगत.

"काय म्हणाले सर?"

"बस खाली म्हणाले, मेष्ट्रु."

"हे उत्तर झालं काय? उद्या परत विचार. मिळेपर्यंत विचार."

नियमाचा हा दुसरा भाग मला तेव्हा माहीत नव्हता. मास्तरांच्या डोक्यात मास्तर लोक म्हणजे उत्तर असलेली माणसं. दोनदा विचारलं तर ते दोनदा सांगतील. त्या माणसांनाच उत्तर येत नसेल, किंवा उत्तर येत नाही याचा राग येईल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

आता नागोजीबद्दल. नागोजी म्हणजे कॉटनपेटेतल्या एका शिंप्याचा मुलगा, नववीत दुसऱ्यांदा बसलेला, उंच, हाडकुळा, मान खाली घालून चालणारा. मैदानावर मात्र मागच्या रांगेत तो उभा राहिला की चेंडू त्याच्या बॅटीवरून परत येणारच. त्याच्या बापानं त्याला मशीनवर बसवायचं ठरवलं होतं. चेंडू मास्तर त्याच्या घरी जाऊन बापाला म्हणाले होते, एक वर्ष द्या, एसएसएलसीच्या वर्गात पोचवतो. ते वर्ष चालू होतं. मास्तरांचा सगळा जीव त्या पोरात होता हे मला दिसत होतं. नववीतून तो वर गेला तर शिकेल, नाही तर मशीनवर जाईल, हे त्यालाही माहीत होतं.

पाऊस पडून गेला की कोर्टाच्या रेघा पुसल्या जात, आणि त्या पुन्हा आखायचं काम नागोजीकडे असे. एका संध्याकाळी मी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीत उभा होतो. खाली नागोजी आणि मास्तर दोरी ताणून धरत होते. एका टोकाला मोजलं, दुसऱ्या टोकाला मोजलं, आणि दोन्ही बाजूंच्या रेघा एका टोकाला किंचित जवळ आल्याचं निघालं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मास्तर म्हणाले, "चालतंय रे, कोण बघतंय." नागोजी उकिडवा बसून त्या रेघांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मेष्ट्रु, आपण ह्या अशाच पुढं नेल्या तर? रस्त्यापर्यंत? तिकडं कुठं तरी एकमेकीला लागतील की." मास्तर हसले. "मला काय विचारतोस. सरांना विचार."

दुसऱ्या दिवशी समांतर रेषा शिकवत होतो. नागोजी उभा राहिला. वर्गात बोलणं कानडीत चाले, पण त्याचा प्रश्न मला आजही जसाच्या तसा आठवतो. "सार, ह्या दोन रेषा कधीच भेटत नाहीत म्हणता. शेवटपर्यंत जाऊन कुणी बघितलंय?"

वर्गात हशा फुटला. मी म्हटलं, "बस खाली."

त्याच्या पुढच्या दिवशी त्यानं तोच प्रश्न विचारला. या वेळी मुलं हसायला तयारच होती. मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं. शेवटच्या बाकावर मास्तर लोकर गुंडाळायची थांबून माझ्याकडे बघत होते. ते खट्याळपणे बघत आहेत असं मला वाटलं. आता कळतं, ते उत्तराची वाट बघत होते. त्यांनाही हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मास्तर आले नव्हते, कुठल्या तरी सामन्यासाठी मैदान बघायला गेले होते. नागोजी उभा राहिला आणि तेच शब्द पुन्हा म्हणाला, आणि त्याच वेळी हेडमास्तर फेरी मारत दारात येऊन उभे राहिले. मुलं हसत होती. हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. मी म्हटलं, "सर, हा तीन दिवस मला हेच विचारून वर्ग हसवतो आहे." हेडमास्तरांनी त्याला बोटानं बाहेर बोलावलं.

संध्याकाळी हेडमास्तरांच्या खोलीत मी होतो आणि चेंडू मास्तर होते. नागोजी बाहेर भिंतीला टेकून उभा होता. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? मुलगा खरंच विचारत होता, की टिंगल करत होता? तुम्ही सांगाल ते मी धरीन."

मास्तर माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही सांगा ना. कोर्टाच्या रेघांवरून त्याच्या डोक्यात आलं ते. परत विचार म्हणून मीच सांगितलं होतं."

मला खिडकीतून पाहिलेलं सगळं आठवत होतं. तो खरंच विचारत होता हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, हेही कळलं होतं. पुस्तकात ते वाक्य गृहीत धरलेलं होतं आणि मी त्यापलीकडे कधी गेलो नव्हतो. नागोजीनं खरा प्रश्न विचारला असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मला आला असता, की मग तुम्ही काय उत्तर दिलंत. मी टेबलावरच्या काचेकडे बघत म्हटलं, "टिंगल होती, सर."

 मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्या खोलीत पुन्हा पाहिलं नाही.

हेडमास्तर म्हणाले, मुलाला दाखला देऊन काढून टाकू, वर्तन वाईट असा शेरा मारून. उद्यापासून मैदानावरचा तो नियम बंद, आणि ड्रिल मास्तरांनी वर्गात बसायचं नाही. तेव्हा मास्तर पुढे झाले.

"सर, शेरा नको. शेरा मारला तर त्याला दुसरी शाळा घेणार नाही. कारखान्यातसुद्धा कोण घेणार नाही."

"मग शिस्तीचं काय?"

"शिस्त मी मोडली, सर. पोराला मी शिकवलं. मी जातो. माझं राजीनाम्याचं पत्र घ्या आणि त्याचा दाखला साफ द्या. दोघं जातो, म्हणजे तुमचा प्रश्न संपला."

 बहुधा हेडमास्तरांनाही ते सोयीचं वाटलं, कारण बॉल बॅडमिंटनच्या कोर्टाच्या जागी इमारत बांधायची असं मंडळाच्या मनात होतंच. ते म्हणाले, "ठीक आहे."

व्हरांड्यात मी मास्तरांच्या मागे गेलो. काय बोलायचं होतं कोण जाणे. ते नागोजीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. मला पाहून थांबले, पोराला पुढे जायला सांगितलं आणि म्हणाले, "सर, तुमच्यावर राग नाही. पोरांना परत विचारायला सांगताना मास्तरांचा विचार मी केला नाही. तुम्हाला घरी एकटं बसून विचार करायला वेळ द्यायला पाहिजे होता." एवढं बोलून ते गेले. मी त्यांना थांबवून आत घेऊन गेलो असतो तर पाच मिनिटांत सगळं उलटलं असतं. मी माझी छत्री घ्यायला खोलीत गेलो.

नियम बंद झाला, पण मुलं विचारायची थांबली नाहीत. तोंडं उघडली होती, ती आता मिटेनात. खेळाशी त्याचा संबंध उरला नव्हता, आणि तरीही नववी 'क'मधली मुलं हात वर करत, न कळलेलं पुन्हा विचारत, कधी कधी घंटेनंतर माझ्या मागे येत. मीही भीतीनं का होईना, घरून तयारी करून जाऊ लागलो. त्या वर्षी तो वर्ग शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा जवळजवळ सगळा वर गेला. हेडमास्तरांनी सभेत माझं नाव घेतलं. नव्या मास्तरांनी अडगळीतल्या मुलांचं सोनं केलं, असं म्हणाले. मी हात जोडले. पुढे इतर वर्ग मिळाले, मग मोठी जबाबदारी मिळाली, आणि 'रोज एक प्रश्न' मी कागदावर लिहून काढलं. त्यात मैदानाचा, बॅटीचा, लोकरीच्या चेंडूचा उल्लेख नव्हता.

मास्तरांना एका कापडगिरणीच्या मैदानावर कामगारांच्या मुलांना खेळवायचं काम मिळालं. नागोजीला त्यांनी एका लेथच्या कारखान्यात लावलं. दुसऱ्या शाळेत घालायला ते त्याच्या बापाकडे पुन्हा गेले होते, पण बापानं दिलेलं वर्ष संपलं होतं. शिलाईच्या मशीनवर तर नाही बसला, एवढ्यावर मास्तरांनी समाधान मानलं, असं मला पंडितांनी सांगितलं. एकोणीसशे साठच्या सुमारास मी बसवनगुडीत बिऱ्हाड केलं. शाळेला जाताना बस त्या गिरणीच्या मैदानावरून जाई. तिथे एक पाठमोरी खाकी चड्डी आणि भोवती मुलांचा घोळका कधीकधी दिसे. मी बसमध्ये उजवीकडे बसायला लागलो. मैदान डावीकडे होतं.

ते वारले तेव्हा मी नुकताच हेडमास्तर झालो होतो. निरोप पंडितांकडून आला. मी तेराव्याच्या आधी एका सकाळी त्यांच्या घरी गेलो. मास्तरांना मुलगा नव्हता. दारात नागोजी उभा होता, डोकं भादरलेलं. दिवस तो करत होता. नखांत लेथचं काळं तेल, चेहरा भरलेला, लग्न होऊन मुलगी झालेली. त्यानं मला लगेच ओळखलं.

"सार, या. अक्का आत आहेत. बसा, चटई टाकतो."

मास्तरांच्या बायकोला मी काय बोललो आठवत नाही. त्या रडत होत्या आणि नागोजी त्यांना "अक्का, काफी देऊ का सरांना" असं हळू आवाजात विचारत होता. मी निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत सोडायला आला. चालता चालता म्हणाला,

"सार, मेष्ट्रु मला सगळं सांगायचे."

मी थांबलो.

"हेडमास्तरांच्या खोलीत तुम्ही माझ्यासाठी किती बोललात ते. मी बाहेर होतो, मला काय ऐकू आलं नाही. मेष्ट्रुंनी नंतर सांगितलं. शेरा मारायचं ठरलं होतं, तुम्ही हेडमास्तरांशी भांडून तो काढायला लावला म्हणाले. माझा दाखला साफ होता म्हणून कारखान्यात घेतलं, सार. नाही तर घेतलं नसतं. मेष्ट्रु म्हणायचे, मास्तर लोकांवर कधी मन खट्टू करू नको, तुझ्या गणिताच्या सरांनी तुला वाचवलं."

सकाळची वेळ होती. समोर एक बाई दारात पाणी शिंपडून रांगोळीची जागा करत होती. सांगायला काही लांब नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते ऐकणारा माणूस माझ्या समोर उभा होता.

मी म्हटलं, "असू दे."

नागोजी खाली वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.